वेणी, गोफ आणि पीळ : गुंफणीच्या शब्दांतून दिसणारा सामाजिक इतिहास

1. प्रस्ताव

मराठीत ‘वेणी’ या एकाच शब्दाने निदान चार वस्तूंचा निर्देश होतो. स्त्रीच्या केसांची तीन पेडांची गुंफण ही वेणी; त्या केसांवर माळावयाची फुलांची गुंफण हीही वेणी; नद्यांच्या मीलनाचा निर्देश करणाऱ्या ‘त्रिवेणी’ या शब्दातही वेणीच आहे; आणि अलिबागच्या परिसरात पांढऱ्या कांद्याची वाळलेली पात एकमेकींत गुंतवून जी माळ तयार करतात तिची जातही वेणीचीच. उलटपक्षी रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यांची अगदी तशीच गुंफण केली असता तिला वेणी न म्हणता ‘गोफ’ म्हणण्याचा प्रघात आहे. रचना एक, नावे दोन. आणि त्यांपैकी एका नावाचे अर्थ अनेक. असे का व्हावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा वाटतो. परंतु या शब्दांच्या प्रयोगांचा मागोवा घेऊ लागले असता, वस्त्रकला, काव्य, तीर्थविधी आणि स्त्रियांची सामाजिक स्थिती ही परस्परांपासून दूर भासणारी क्षेत्रे एका धाग्याने जोडली गेलेली आढळतात.

तो धागा म्हणजे गुंफणीचा एक साधा गुणधर्म होय. गुंफण सोडविता येते आणि सोडविल्यावर तिचा प्रत्येक पेड पूर्वीइतकाच अखंड राहतो. वेणीला भारतीय परंपरेत जे अर्थ प्राप्त झाले ते प्रायः या गुणधर्मावर उभे आहेत, आणि महाराष्ट्रातील केशवपनाच्या रूढीचे स्वरूपही याच गुणधर्माच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

2. विणणे, वळणे आणि गुंफणे

धाग्यापासून वस्तू निर्माण करण्याच्या ज्या क्रिया मराठी बोलते त्यांत तीन क्रियापदे प्रमुख होत : विणणे, वळणे आणि गुंफणे. व्यवहारात ती कधी कधी एकमेकांच्या जागी येतात. तथापि त्यांच्यामागील रचना भिन्न आहेत.

विणकामात धाग्यांचे दोन वर्ग असतात. ताणा मागावर आधी ताणून बसविलेला असतो आणि बाणा त्याला आडवा जातो. या दोन वर्गांची कामे ठरलेली असून ती बदलत नाहीत. दोर वळण्यात असे दोन वर्ग नसतात. तंतूंना एका दिशेने पीळ द्यावयाचा आणि असे पिळलेले पेड एकत्र आणून त्यांना उलट दिशेने वळावयाचे, ही त्या क्रियेची रीत. दोराचे बळ या परस्परविरोधी पिळांच्या तोलात असते. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण या रचनेच्या सूक्ष्म निरीक्षणातून जन्मली आहे. पीळ हा तंतूच्या अंगी मुरतो आणि तंतूची राख झाली तरी त्या राखेला त्याचा आकार राहतो.

गुंफण या दोहोंहून वेगळी. तिच्यात ताणा-बाणा असा भेद नसतो. सर्व पेड एकाच वर्गाचे. प्रत्येक पेड आळीपाळीने बाजूने मध्यावर येतो, शेजाऱ्याला ओलांडतो आणि पलीकडे जातो. जो आता वर आहे तोच पुढच्या वळणावर खाली असतो. वस्त्ररचनांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या आयरीन एमरी यांच्या 1966 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा रचनेला तिरकस गुंफणीचा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे, तो याच कारणाने. हिला माग लागत नाही. बोटे आणि एका टोकाचा आधार एवढे पुरते. शिवाय गुंफणीत कोणताही पीळ तंतूच्या अंगी मुरत नाही. म्हणूनच शेवटची गाठ सुटली की ती खालून वर क्रमाक्रमाने उलगडते. कापड उसवले असता धागा झिजतो, दोर उकलला असता पेडांत वाकडेपणा उरतो; वेणी सोडली असता मात्र केस फार तर काही काळ लाटांसारखे राहतात आणि फणीच्या दोन हातांनी सरळ होतात.

या तीन क्रियांच्या मधली एक रीत वाळवंटी प्रदेशात विकसित झाली, तिचा येथे उल्लेख करणे उचित होईल. राजस्थानातील थर प्रदेशात उंटाचे खोगीर आवळण्यासाठी जो ‘तंग’ करतात त्यात बकरीच्या केसांचे चार पेडी दोर आधी वळून घेतात; मग एका दोराचे पेड उघडून त्यांच्यामधून दुसरा दोर ओवतात. पीटर कॉलिंगवुड यांनी 1998 साली या तंत्राचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. वळणे आणि गुंफणे यांचा हा संगम असून त्यात पेडाचे स्थान किती मूलभूत आहे हे दिसून येते. घोड्याच्या साजातील ‘तंग’ हा फार्सी शब्द मराठीनेही घेतलेला आहे. मात्र वरील विशिष्ट रचना थरच्या कारागिरांची होय.

‘पेड’ हा मराठी शब्द दोर आणि केस या दोघांनाही सारखाच लागू पडतो. तिपेडी दोर आणि तिपेडी वेणी, चौपेडी सुतळी आणि चौपेडी वेणी. केसांच्या रचनेचा हा शब्दसंभार दोर वळणाऱ्याच्या अंगणातून आलेला आहे, मागावरून आलेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

3. गोफ

‘गोफ’ हा शब्द गुंफणे या क्रियापदाच्या कुळातील असून दोहोंचे मूळ संस्कृतातील ‘गुम्फ्’ या धातूत शोधले जाते. ‘गोफण’ या शब्दाशी असलेले त्याचे ध्वनिसाम्य मात्र नात्याचा पुरावा म्हणून घेता येणार नाही. ‘गोफणा’ हे रूप संस्कृतात स्वतंत्रपणे आढळते. सुश्रुतसंहितेत व्रणावर बांधावयाच्या पट्ट्यांचे जे 14 प्रकार सांगितले आहेत त्यांत हे एक नाव आहे.

गोफाचे तीन प्रयोग मराठीत रूढ आहेत. रेशमी किंवा सुती धाग्यांची गुंफलेली दोरी हा पहिला. सोन्याच्या तारेचा, गळ्यात घालावयाचा गुंफीव अलंकार हा दुसरा. दागिने रेशमात ओवून त्यांना गोंडे लावण्याचे काम करणारे पटवेकरी या दोन अर्थांच्या सीमेवर वावरत असत. त्यांच्या हातात धाग्याचा गोफ आणि सोन्याचा अलंकार एकत्र येत. तिसरा प्रयोग नृत्याचा. गोव्यात शिगम्याच्या सुमारास, विशेषतः दक्षिणेकडील तालुक्यांत, आणि महाराष्ट्रातही काही ठिकाणी गोफ खेळला जातो. वर एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची खालची टोके नर्तक हातांत धरतात आणि परस्परांना आतून-बाहेरून ओलांडीत फेर धरतात. पायांच्या चालीने डोक्यावर गोफ तयार होत जातो. गोफ पुरता झाला म्हणजे खेळ संपत नाही. त्यानंतर तीच पावले उलट क्रमाने टाकून तो संपूर्ण उलगडावयाचा असतो, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात त्याची मूळची दोरी मोकळी राहिली पाहिजे. एकाचे पाऊल चुकले तर गुंता होतो. गुंफणे आणि सोडविणे ही एकाच कौशल्याची दोन अंगे आहेत, ही जाणीव या खेळाच्या रचनेतच आहे.

युरोपात अठराव्या शतकापासून विकसित झालेली गुंफणयंत्रे तत्त्वतः हेच नृत्य करतात. धाग्याच्या रिळांचे दोन गट नागमोडी खाचांतून विरुद्ध दिशांनी फिरतात आणि प्रत्येक रीळ समोरून येणाऱ्या रिळाला एकदा आतून आणि एकदा बाहेरून ओलांडते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील बार्मेन हे नगर या उद्योगाचे मोठे केंद्र झाले. बुटाच्या नाड्या, कपड्यांच्या कडेला लावावयाच्या गुंफीव पट्ट्या, सैनिकी गणवेशावरील सोनेरी गोफ ही त्या यंत्रांची निर्मिती. मात्र यंत्राला उलट पावले टाकावयाची नसतात. उलगडण्याचा अर्थ तेथे लोपला आणि गुंफण हा केवळ मालाचा एक प्रकार उरला.

कापडाच्या या प्रांतात परकीय शब्दांची भर फार पडली. ‘जर’ आणि ‘किनार’ फार्सीतून आले. ‘कलाबतू’ त्याच मार्गाने आला. ‘फीत’ पोर्तुगिजांकडून मिळाली. ‘लेस’ आणि ‘रिबीन’ इंग्रजीने दिल्या. व्यापारी मालाबरोबर त्याचे नाव येते, हा सामान्य नियम येथे दिसतो. केसांच्या गुंफणीचे नाव मात्र यांपैकी कोणत्याही भाषेला बदलता आले नाही. वेणी ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हती.

4. कपर्दापासून एकवेणीपर्यंत

केसांच्या गुंफणीचा प्राचीन उल्लेख ऋग्वेदात ‘कपर्द’ या शब्दाने येतो. कपर्द म्हणजे कवडी; कवडीसारखे वळण घेतलेली केशरचना, असा त्याचा भाव. रुद्र आणि पूषन् यांना ‘कपर्दिन्’ हे विशेषण आहे. वसिष्ठकुळातील पुरुष उजव्या बाजूस कपर्द धारण करीत, म्हणून सातव्या मंडलात त्यांचे ‘दक्षिणतस्कपर्द’ असे वर्णन आले आहे. दहाव्या मंडलात ‘चतुष्कपर्दा’ युवतीचा निर्देश आहे आणि तो यज्ञवेदीवरील रूपक म्हणून घेतला जातो. या उल्लेखांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केसांची गुंफण ही त्या काळी केवळ स्त्रियांची नव्हती. आणि ती कुळाची ओळख सांगणारी खूण होती.

पुढील संस्कृत वाङ्मयात ‘वेणी’ हा शब्द पुढे येतो आणि त्याबरोबर अर्थाचे केंद्रही बदलते. विणण्याच्या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते जोडले जाते. परंतु व्युत्पत्तीपेक्षा प्रयोग येथे अधिक बोलका आहे. वेणी आता कुळ सांगत नाही, ती स्त्रीच्या वैवाहिक जीवनातील अवस्था सांगू लागते. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीने केसांचा शृंगार टाकून एकच, अलंकाररहित वेणी धारण करावी असा संकेत रूढ झाला, हीच एकवेणी. वाल्मीकिरामायणात अशोकवनातील सीता एकवेणी आहे. शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंताला मारीचाच्या आश्रमात भेटणारी शकुंतलाही तशीच आहे. मेघदूतातील यक्षाने आपल्या पत्नीची जी अवस्था मेघाला सांगितली आहे तिच्यात हा संकेत अगदी स्पष्ट होतो. विरहाच्या पहिल्या दिवशी पुष्पमाला काढून बांधलेली ती वेणी शापाची मुदत संपल्यावर यक्षाने स्वतः सोडावयाची आहे.

येथे वेणी काळाचे माप झाली आहे. तिचे एक टोक वियोगाच्या दिवशी आहे आणि दुसरे मीलनाच्या दिवशी. मधल्या काळात तिला हात लावावयाचा नाही. तिचा सर्व अर्थ ती एक दिवस सुटणार आहे या अपेक्षेत सामावलेला आहे. ज्या सीतेला ती अपेक्षा क्षणभर नष्ट झाल्यासारखी वाटते ती सुंदरकांडात त्याच वेणीचा फास करून प्राण देण्याचा विचार करते. सुटण्याची आशा गेली की वेणीचा पुन्हा दोर होतो. कवीने वेणी आणि दोर यांच्यातील मूळचे सख्य येथे किती भेदकपणे योजिले आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

द्रौपदीची कथा ही याची दुसरी बाजू होय. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या नाटकाचे शीर्षक आजच्या मराठी वाचकाची दिशाभूल करते. मराठीत संहार म्हणजे विध्वंस; त्यामुळे वेणीचा नाश असा काहीतरी अर्थ मनात येतो. संस्कृतात सम् आणि हृ यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आवरणे असा आहे. वेणीसंहार म्हणजे मोकळ्या केसांची वेणी पुन्हा बांधणे. दुःशासनाने ओढलेले केस द्रौपदीने मोकळे ठेविले आणि भीमाने शत्रूच्या रक्ताने माखलेल्या हातांनी ते बांधले, हे नाटकाचे सूत्र आहे. महाभारतात उद्योगपर्वात द्रौपदी आपले केस हाती धरून कृष्णापुढे येते आणि तहाच्या वेळी त्यांची आठवण ठेवण्यास सांगते. परंतु रक्ताने वेणी बांधण्याच्या प्रतिज्ञेभोवती सर्व कथानक फिरविणे हे नाटककाराचे कर्तृत्व आहे. एकवेणी सुटण्याची वाट पाहते, द्रौपदीचे मोकळे केस बांधले जाण्याची वाट पाहतात. दोन्ही ठिकाणी वर्तमान अवस्था अपुरी आहे आणि दोन्ही ठिकाणी ती बदलणे शक्य आहे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. यक्षपत्नीची वेणी यक्ष सोडणार, द्रौपदीची भीम बांधणार. केस स्त्रीचे, ते बांधण्या-सोडण्याचा अधिकार काव्याने पुरुषाच्या हाती दिलेला आहे.

5. नद्यांची वेणी

पेड एकत्र येतात या साम्यावरून वेणी हा शब्द नद्यांच्या संगमाला लागला. प्रयाग येथे गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती मिळून त्रिवेणी होते. परंपरेने हे रूपक पुढेही चालविले आहे. बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यात त्रिवेणी नावाचेच क्षेत्र असून तेथे प्रवाह परस्परांपासून अलग होतात. म्हणून प्रयागला ‘युक्तवेणी’ आणि बंगालच्या त्रिवेणीला ‘मुक्तवेणी’ म्हणतात. भूगोलाला नाव देतानाही बांधलेली आणि सोडलेली अशा दोन वेण्यांची कल्पना करावी, यावरून सोडविण्याचा भाव या शब्दाशी किती निगडित होता हे कळून येते.

महाराष्ट्रात हे रूपक वेगळ्या मार्गाने आले. महाभारतात कृष्णा नदीचे नाव ‘कृष्णवेणा’ असे आढळते, आणि साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळणाऱ्या नदीचे नाव वेण्णा आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘कृष्णावेणी’ हे रूप झाले. अपरिचित ‘वेणा’चे परिचित ‘वेणी’त रूपांतर होणे ही लोकव्युत्पत्तीची सर्वपरिचित प्रक्रिया होय, नदीला केशकलाप समजण्याची कविपरंपरा पाठीशी असल्यामुळे ते रूपांतर सहज मान्य झाले.

प्रयागच्या त्रिवेणीवर महाराष्ट्रातील आणि दक्षिणेकडील यात्रेकरू स्त्रियांचा ‘वेणीदान’ हा विधी प्रसिद्ध आहे. सुवासिनी स्त्री संगमावर बसते, पती तिचे केस विंचरून वेणी घालतो आणि टोकाचा थोडा भाग कापून तो संगमास अर्पण केला जातो. या विधीत शब्दावरील श्लेषच आचाराला आधार झाला आहे. केसांची वेणी नद्यांच्या वेणीला द्यावयाची. परंतु कापावयाचे ते केवळ टोक. वेणी कायम राहते आणि पुन्हा वाढते. सौभाग्याच्या खुणेतील अल्प अंश देऊन उरलेली खूण सुरक्षित करून घेणे, असा या दानाचा आशय आहे.

6. मराठीतील वेणी

मराठीत वेणी ‘करतात’ किंवा ‘विणतात’ असे म्हणण्यापेक्षा वेणी ‘घालतात’. घालणे हे क्रियापद मराठीत कपडे, दागिने, बांगड्या यांना लागते. याचा अर्थ वेणी ही घडविण्याची वस्तू असण्यापेक्षा अंगावर धारण करावयाची वस्तू मानली गेली आहे. ‘आईने मुलीची वेणी घातली’ या साध्या वाक्यात वेणी घालणारी एक आणि ती मिरविणारी दुसरी आहे. स्वतःच्या पाठीवरची गुंफण स्वतःला दिसत नाही; म्हणून घरात ही क्रिया दोघींची होऊन राहिली. काव्यातील संकेतात बांधण्या-सोडण्याचा हात पुरुषाचा होता. घरातल्या रोजच्या वेणीफणीत तो हात आईचा, आजीचा, थोरल्या बहिणीचा किंवा जावेचा असे. ‘वेणीफणी’ हा सामासिक शब्द ज्या निवांतपणाची आठवण करून देतो त्याचे मूळ या दुसऱ्या हातात आहे.

केशरचनेच्या मराठी नावांतही बांधणे आणि मोकळे सोडणे यांचे तारतम्य आढळते. पाठीवर सोडलेला शेपटा, डोक्यापासूनच बाजूचे केस घेत जाणारी सागरवेणी, मानेवर आवळलेला अंबाडा किंवा बुचडा, आणि खोपा. केस अपुरे असल्यास गंगावन. वेणीवर राखडी, मूद, केवडा यांसारखे अलंकार. वेणीच्या टोकाशी बांधावयाची किंवा पेडांबरोबर गुंफावयाची जी दोरी तिला जुन्या मराठीत ‘आगवळ’ हा शब्द होता. येथे कापडातील गोफ आणि केसांतील वेणी यांची प्रत्यक्ष गाठ पडते. धाग्याने केसांना आवळले नाही तर गुंफण टिकत नाही. हीच जागा पुढे फितीने आणि मग रिबिनीने घेतली. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या आणि त्यांना बांधलेल्या रिबिनी हे विसाव्या शतकातील चित्र. म्हणजे एका बोटभर बंधनाच्या नावात देशी, पोर्तुगीज आणि इंग्रजी असे तीन थर साचले. बांधली जाणारी वेणी मात्र शब्दानेही तीच राहिली.

फुलांच्या वेणीला हे नाव कसे मिळाले? केसांच्या वेणीवर माळतात म्हणून ती वेणी, हे उत्तर सहज सुचते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते पुरे नाही; कारण गजराही केसांतच माळतात, तरी तो वेणी होत नाही. हार ओवलेला असतो, म्हणजे सुईने फुलांतून दोरा काढलेला असतो. वेणीत फुलांचे देठ दोऱ्याच्या किंवा केळीच्या सोपाच्या पदरांत आळीपाळीने धरून गुंफत न्यावयाचे असतात. फूल भोसकले जात नाही, ते पकडले जाते. कोकण-गोव्याकडील अबोलीचा वळेसर हा याच रीतीने होतो. त्याच्या नावात वळण्याची क्रिया उघड दिसते. गोव्याकडे ‘फांती’ हाही शब्द आहे. तेव्हा फुलांच्या वेणीस तिच्या स्थानाइतकीच तिची रचनाही कारणीभूत आहे. कांद्याची वेणी या अनुमानाला बळकटी देते. तिचा केसांशी काही संबंध नाही, केवळ पातीची गुंफण तेवढी समान आहे.

7. केशवपन

आतापर्यंतच्या विवेचनाची कसोटी लागते ती केशवपनाच्या रूढीवर. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे केस काढून टाकण्याची ही रूढी महाराष्ट्रात प्रामुख्याने ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत होती. सर्व समाजात ती नव्हती. पंडिता रमाबाई यांनी 1887 साली प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात दख्खनमधील ब्राह्मण विधवांच्या या अवस्थेची नोंद केली आहे.

या रूढीच्या समर्थनार्थ जे वचन पुढे केले जात असे ते स्कंदपुराणाच्या काशीखंडातील आहे. विधवेने केस बांधले असता परलोकात तिच्या पतीला बंधन पडते, असा त्याचा आशय. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1941 साली निघालेल्या दुसऱ्या खंडात या विषयाची चर्चा केली असून या आचाराला प्राचीन स्मृतींचा भक्कम आधार नाही असे दाखविले आहे. भाषाभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. हे सर्व समर्थन ‘बंध’ या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभे आहे. केसांचा बंध आणि आत्म्याचा बंध हे शब्दाने एक आहेत म्हणून वस्तुतःही एक मानले गेले. नद्यांच्या वेणीला केसांची वेणी वाहणाऱ्या श्लेषाची ही भीषण आवृत्ती होय.

तथापि या वचनातील तर्कही शेवटपर्यंत पाळला गेला नाही. केस बांधल्याने बंधन पडत असेल तर ते मोकळे ठेविल्याने ते टळावयास हवे होते. वेणी सोडणे एवढेच पुरेसे होते. शोकात केस मोकळे सोडण्याची चालही जुनी आहे. रूढीने सोडणे स्वीकारले नाही, काढून टाकणे स्वीकारले. आणि तेही एकदा नव्हे. केस वाढतात, म्हणून वस्तरा पुन्हा पुन्हा फिरवावा लागे. यातून रूढीचे खरे उद्दिष्ट प्रकट होते. तिला बांधलेली वेणी नको होती असे नव्हे. वेणी बांधता येण्याची शक्यताच नको होती. एकवेणीला सुटण्याचा दिवस होता, द्रौपदीच्या मोकळ्या केसांना बांधले जाण्याचा दिवस होता, गोफाला उलट पावले होती. केशवपनात पुढचा दिवसच ठेविलेला नव्हता. भाषेनेही या स्त्रीला अभावाचेच नाव दिले : ‘बोडकी’. हा शब्द पुढे शिवी झाला, यात आश्चर्य नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रूढीविरुद्ध जो आवाज उठला त्यात गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘सुधारका’तील लेखन प्रसिद्धच आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली; तिच्यातील यमूच्या सक्तीच्या केशवपनाने हा प्रश्न वाचकांच्या घरात नेला. त्याच 1890 साली मुंबईत सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार व्यक्त केला. या घटनेचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. लेखकांनी मत बदलण्याचा प्रयत्न केला. नाभिकांनी हात काढून घेतला. वेणी जशी दुसऱ्याच्या हाताने घातली जाते तसे वपनही दुसऱ्याच्याच हाताने होत असे, आणि त्या हाताशिवाय शास्त्रवचन निरुपयोगी होते, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. ज्या हातांना रूढीने केवळ साधन मानले होते त्यांनी आपल्याला विवेक आहे असे सांगितले, ही त्या निर्धाराची खरी थोरवी.

विसाव्या शतकात केशवपन क्रमाने नाहीसे झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथांचा त्यात निर्देश होता; केसांचा प्रश्न तोपर्यंत व्यवहारातून गेलेला होता. 1890 आणि 2022 यांच्यामधील अंतर किती कापले गेले आणि किती उरले, हे या दोन याद्या शेजारी ठेविल्या म्हणजे समजते.

8. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. केस, धागा, फूल आणि पात यांची गुंफण ही रचनेने एक असून तिचा मराठी शब्दसंभार दोर वळण्याच्या व्यवसायाशी निगडित आहे. धाग्याची गुंफण व्यापाराच्या मार्गाने गेली, म्हणून तिच्याभोवती परकीय शब्द जमले. केसांची गुंफण घरात राहिली, म्हणून ‘वेणी’ हा शब्द टिकला आणि नव्या वस्तूंना व्यापू लागला. वेणीचा सांस्कृतिक अर्थ तिच्या बांधलेपणात नसून बांधणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया शक्य असण्यात आहे. एकवेणी, वेणीसंहार, युक्तवेणी-मुक्तवेणी आणि गोफनृत्य हे त्याचे साक्षीदार होत. केशवपनाची क्रूरता या शक्यतेच्या उच्छेदात होती.

पीळ राखेतही उरतो. गुंफण मात्र शेवटच्या गाठीच्या आधाराने टिकते. ती गाठ कोणी बांधावी आणि कोणी सोडावी, हा प्रश्न या शब्दांच्या इतिहासात आरंभापासून उपस्थित आहे. ज्या दिवशी त्याचे उत्तर जिचे केस तिच्यावरच सोपविले जाते त्या दिवसापासून ‘वेणी घालणे’ या मराठी प्रयोगाला त्याचा पुरा अर्थ प्राप्त होतो.